दीडपट वेगानं बघितलेलं भूत

२५ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी ऑफिसात बातमी येऊन थडकली की टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची तारीख सरकून ३१ ऑक्टोबर झाली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, मागं रेलले आणि नुसतं "हां" म्हणाले, आणि त्या "हां"मध्येच मला कळलं की आता पुढच्या चार-पाच रात्री माझ्या. असली सुट्टी हातात पडली की लोकांना गोवा आठवतो, मला जुलैपासून तुंबलेले ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचे, एपिसोड आठवले. सत्तावीस होते. मोजून ठेवलेले, सवयच आहे ती.

मी सांगलीत विश्रामबागला एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो आणि गेली सहा-सात वर्षं दर हंगामाचे नवे ॲनिमे बघतो. हंगाम हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण सीझन म्हटलं की लोकांना वाटतं सीझन १, सीझन २ तसलं काहीतरी. आमच्याकडं हंगाम म्हटलं की कारखान्याचं धुराडं पेटलं, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या, रात्री गाडी जपून चालवायची, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ॲनिमेचं तसंच आहे. जपानात टीव्हीवर वर्षातनं चार वेळा, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरला नव्या मालिकांचा लोंढा येतो, मग आठवड्याला एक एपिसोड, पुढचं-मागचं दीड-दीड मिनिटाचं गाणं धरून साधारण चोवीस मिनिटं, असं बारा-तेरा आठवडे चालतं आणि गाशा गुंडाळतात. ह्या तीन महिन्यांच्या तुकड्याला तिकडं कूर म्हणतात. काही मालिका दोन कूर चालतात, काही एक कूर करून मधी गायब होतात आणि सहा महिन्यांनी परत येतात, उधारी मागायला आल्यासारख्या.

हे सगळं माझ्या डोक्यात पहिल्या दिवशीच फिट्ट बसलं कारण ही तर सरळ सरळ तिमाही आहे. जपानचं सरकारी आर्थिक वर्ष पण आपल्यासारखंच १ एप्रिलला सुरू होतं, शाळा पण एप्रिललाच, म्हणून तर शाळेचा ॲनिमे असला की पहिल्या एपिसोडला चेरीच्या पाकळ्या उडत असतात. आणि आमचे ॲडव्हान्स टॅक्सचे हप्ते बघा, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. बरोब्बर त्याच महिन्यांत चारही हंगामांचे शेवटचे एपिसोड येतात. म्हणजे शेवट बघताना बाकी लोकांची छाती धडधडते ती हिरोचं काय होणार म्हणून, माझी धडधडते चलन भरलं का नाही म्हणून.

ह्यात सगळ्यात वाईट हाल जुलैच्या हंगामाचे. ३१ जुलै म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्नची तारीख, तो सगळा महिना मी माणसांत नसतो. ह्या वर्षी तर मे महिन्यातच जाहीर झालं की तारीख १५ सप्टेंबर, तेव्हा आम्ही सगळे खुश, म्हटलं आता आरामात. कसलं आराम. तारीख दीड महिना वाढली की क्लायंट पण दीड महिना जास्त झोपतो, आणि मग १४ सप्टेंबरला रविवारी सकाळी पिशवीत कागद कोंबून दारात उभा, वर "अजून एक दिवस आहे की" म्हणतो. शेवटी अजून एक दिवस वाढवून १६ केली तेव्हा कुठं सुटलो. तर सांगायचं हे की जुलै ते सप्टेंबर मी जे काय बघितलं ते जेवणाच्या सुट्टीत, मिरज-सांगली गाडीत, नाहीतर अंथरुणात डोळे मिटायच्या आधी, आणि सगळं दीडपट वेगानं. चोवीस मिनिटांचा एपिसोड सोळा मिनिटांत. आठ मिनिटं वाचली. अकाउंटंटला ह्यापेक्षा गोड आकडा नाही.

आणि एवढं करून मी मतं देत होतो. धडाधड.

आमचा चौघांचा ग्रुप आहे. एक मी. एक माझी मावसबहीण, मिरजेत एका हॉस्पिटलला नर्स आहे, तिची नाइट असली की पहाटे तीनला मेसेज येतात. एक माझा शाळेपासूनचा मित्र, त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि चौथा आमच्या शेजारचा नववीतला पोरगा, ज्याला घ्यायचंच नव्हतं पण आमच्यापेक्षा जास्त त्यालाच कळतं म्हणून घेतलाय. ह्या पोराचा एक प्रॉब्लेम आहे. तो मांगा वाचतो, म्हणजे ज्या कॉमिकवरनं हे ॲनिमे बनतात ते त्यानं आधीच वाचलेलं असतं. स्पॉयलर द्यायचा नाही, म्हणजे पुढचं आधीच फोडायचं नाही, अशी शपथ घातलीय म्हणून तो काही सांगत नाही, फक्त "हं" लिहितो. पण त्याचा "हं"च स्पॉयलर असतो. एखादं पात्र आम्हाला आवडलं असं कुणी लिहिलं आणि खाली ह्याचा "हं" आला की समजायचं, गेला बिचारा.

झेरॉक्सवाल्याचं मत एकाच गोष्टीवर ठरतं, मारामारी आहे का नाही. त्याचा जीव की प्राण म्हणजे सोलो लेव्हलिंग. कोरियन वेब-कादंबरीवरनं जपान्यांनी काढलंय, पहिलं जानेवारी २०२४ ला आणि दुसरं जानेवारी २०२५ ला आलं, सगळ्यात कमजोर शिकारी असतो तो हळूहळू सगळ्यांचा बाप होतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर एका कोपऱ्यात हिंदी डबमध्ये लावलेलं असतं आणि दुसऱ्या हातानं आधार कार्डची झेरॉक्स, मागं-पुढं, दोन कॉपी. मी त्याला म्हटलं ह्यात गोष्ट काय आहे रे, तर म्हणतो "गडी एकटा सगळ्यांना लोळवतोय, अजून काय पायजे?" मी त्याला भडंग असं नाव ठेवलंय, म्हणजे त्या मालिकेला. सांगलीचं भडंग कसं, हात जातोच, थांबता येत नाही, संपल्यावर पुडा उलटा करून बघतो, आणि पोट भरलं का विचाराल तर माहीत नाही. हे मी वाईट म्हणून सांगत नाहीय. भडंग भारीच असतं.

तर मत देण्याचं. आमच्यात तीन एपिसोडचा नियम आहे, सगळ्या जगात आहे, आम्ही काय शोधलेला नाही. नवीन काही आलं की तीन एपिसोड बघायचे, नाही जमलं तर सोडून द्यायचं. ह्या नियमाची गोष्ट निघाली की लोक मादोका मॅजिकाचं नाव घेतात. २०११ च्या जानेवारीत सुरू झालं, गोंडस पोरी, रंगीबेरंगी कपडे, जादू, आणि तिसऱ्या एपिसोडला असा दणका बसतो की आपण कुठं येऊन बसलोय तेच कळंना. (त्याचे शेवटचे दोन एपिसोड मार्चमधल्या भूकंपामुळं अडकले आणि २१ एप्रिलच्या रात्री उशिरा दाखवले. सहाएक आठवडे लोक दहाव्या एपिसोडवर लटकून बसलेले. आम्ही एक आठवडा थांबायचं म्हटलं तर रडतो.)

नियम चांगला आहे, पण माणूस नियमाचा नोकर झाला की घोळ होतो. २०२४ च्या ऑक्टोबरला दानदादान आलं. एका पोरीचा भुतांवर विश्वास आहे पण एलियनवर नाही, आणि पोराचा एलियनवर आहे पण भुतांवर नाही, दोघं एकमेकांना खोटं ठरवायला निघतात आणि दोन्ही खरं निघतं. एवढ्यावरच मी घेतलं असतं. पण तिसऱ्या एपिसोडपर्यंत मला जरा अतिच वाटलं, नुसता आरडाओरडा, नुसती पळापळ, मी ग्रुपवर लिहिलं की चाललंय ठीक, पण माझ्याच्यानं होणार नाही. तेव्हा ताबडतोब पोराचा "हं" आला. मी तिकडं दुर्लक्ष केलं.

दानदादान तिकडं रात्री १२ वाजून २६ मिनिटांनी लागायचं. जपान आपल्या साडेतीन तास पुढं, म्हणजे आपल्याकडं गुरुवारी रात्री ८:५६, जेवणाची वेळ. (तिकडच्या वेळापत्रकात ते २४:२६ असं छापतात, मध्यरात्र झाली तरी दिवस संपला असं मानतच नाहीत, २५:३० पण असतं. साहेबांना हे दाखवलं तर म्हणाले, हे आपल्याकडं पायजे होतं, ३१ जुलैचे पंचवीस वाजले.) तर नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सातवा एपिसोड आला. मी बघतच नव्हतो, पण ग्रुपवर नेहमी जेवणानंतर जी कलकल सुरू होते ती झालीच नाही. दहा वाजले, अकरा वाजले, कुणी काही लिहीना. मग झेरॉक्सवाल्याचा मेसेज, "घरी फोन केला आईला." बास, एवढंच. ह्या माणसानं कॉलेजात असताना सुद्धा कधी आईला फोन केला नव्हता. आणि रात्री एक वाजता मिरजेतनं बहिणीचं, "ड्युटीवर बघू नका कुणी."

मी उठून चौथ्यापासून सातव्यापर्यंत एका दमात बघितलं. सातव्यात एक आई आहे आणि तिची नाचणारी पोरगी आहे, आणि तोपर्यंत आपण जिला केस हलवत मागं लागणारी भुतीण समजून हसत होतो ती कोण आहे ते कळतं. जास्त सांगत नाही. बोलणं जवळजवळ नाहीच त्यात. मी पहाटे तीनला ग्रुपवर लिहिलं, चुकलो. पोराचा सकाळी शाळेत जायच्या आधी रिप्लाय, "हं." ह्यावेळचा "हं" वेगळा होता. (पुढं डिसेंबरात बाराव्याला पोरगी गरम पाण्याच्या कुंडात अडचणीत सापडलेली असताना मालिका बंद केली आणि पुढचा भाग थेट ह्या जुलैला. सहा महिने. ह्याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही.)

एवढा मार खाऊन शहाणा व्हायला पाहिजे होतं ना? नाही झालो.

ह्या जुलैला नेटफ्लिक्सवर "द समर हिकारू डाइड" सुरू झालं. डोंगरातलं एक छोटं गाव, दोन पोरं, लहानपणापासनंची दोस्ती. एक जण डोंगरात जातो आणि आठवड्यानं परत येतो, पण जो परत आलाय तो तो नाहीय. आणि दुसऱ्याला हे कळलेलं आहे. पहिल्या एपिसोडला सुरुवातीलाच, दुकानाबाहेर आइस्क्रीम खात बसलेले असताना तो विचारून टाकतो, तू हिकारू नाहीस ना? बाकी भुताच्या गोष्टीत जे रहस्य शेवटपर्यंत दाबून ठेवतात ते इथं आल्या आल्या टेबलावर. आणि तरी तो त्याला सोडत नाही, कारण मित्र गेला ह्यापेक्षा मित्रासारखं काहीतरी उरलंय हे बरं. कल्पना म्हणून मला एक नंबर वाटली. पण मी पहिले दोन एपिसोड बघितले कुठं, तर गाडीत उभ्यानं, मिरजेहून परत येताना, एका हातानं दांडी धरून, दीडपट वेगानं, एका कानात हेडफोन कारण दुसऱ्या कानानं स्टॉप ऐकायचा असतो. आणि रात्री ग्रुपवर माझा निकाल: "स्लो आहे. भीती वाटत नाही. ड्रॉप."

बहिणीनं फक्त विचारलं, कुठं बघितलंस. मी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं, मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. त्यावर तिचा व्हॉइस मेसेज आला, वॉर्डातनं हळू आवाजात, "दादा, तू भुताची गोष्ट दीडपट वेगानं बघालायस व्हय? आजी सांगत असती तर तिला पण म्हटला असतास काय, जरा पटपट सांग म्हणून?"

आजीचं नाव काढलं म्हणजे विषय संपला. आमची आजी शिराळा तालुक्यातली, डोंगराच्या कडेचं गाव, आणि तिच्याकडं चकव्याच्या गोष्टी होत्या. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्याच बांधावरनं फिरतो आणि पहाटे बघतो तर गावाच्या वेशीतच. रात्री कुणी हाक मारली तर एका हाकेला ओ देऊ नको, हे आम्हाला पाढ्यांबरोबर शिकवलेलं. आणि ती गोष्ट सांगताना मधी थांबायची. सुपारी कातरायची. तो अडकित्त्याचा कट असा आवाज, मग काही नाही, मग परत कट. आम्ही पोरं अंथरुणात गच्च. खरी भीती त्या थांबण्यात होती, चकव्यात काय नव्हतं.

मी हिशेब केला. एखाद्या ठिकाणी दिग्दर्शकानं चार सेकंदांची शांतता ठेवली असेल तर दीडपट वेगानं ती मला पावणेतीन सेकंदांची सुद्धा मिळाली नाही. आणि एका कानात गाडीचं इंजिन. म्हणजे मी ज्याला स्लो म्हणत होतो ते मी बघितलंच नव्हतं, मी फक्त सबटायटल वाचून काढली होती. तरी पण त्या वेळी मान्य केलं नाही. रिटर्नचा जोर होता, म्हटलं बघू नंतर.

ते नंतर म्हणजे २८ सप्टेंबर. रविवार. शेवटचा, बारावा एपिसोड आदल्याच रात्री आलेला, म्हणजे आता आख्खी मालिका हातात होती आणि स्पॉयलर खायची सोय उरली नव्हती. आणि मी मुहूर्त काय निवडला, तर आशिया कपची फायनल, भारत-पाकिस्तान. बाहेरच्या खोलीत पप्पा, त्यांचे दोन मित्र, भडंग, टीव्हीचा आवाज फुल्ल. पप्पांनी मला दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही, आजीची शिकवण. मग दारात येऊन, "फायनल सोडून कार्टून बघालायस, लग्न झालेला माणूस तू." आई आतनं म्हणाली, बघू द्या की, मोगली तुम्ही पण बघत होता. हे खरंय. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी जे मोगली लागायचं, ज्याचं गाणं आजही आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, ते जपानी ॲनिमे होतं, तिकडं १९८९ ला आलेलं, ५२ एपिसोडचं. गाणं आपल्या गुलजारांचं, चित्रं त्यांची. पप्पांना हे मी तीन वेळा सांगितलंय, ते म्हणतात, मोगली आपला आहे.

तर दार लावलं, दोन्ही कानांत हेडफोन, लाइट बंद, वेग एकपट. पहिल्या एपिसोडपासून परत.

आणि काय सांगू. त्यात उन्हाळ्यात भर दुपारी झाडावर किर्र ओरडणारे किडे आहेत, सगळीकडं, प्रत्येक सीनच्या मागं. बोलणं चालू असतं आणि मागं ते किर्र. कानाला सवय होते, पंख्याच्या आवाजाची होते तशी. आणि मग मध्येच ते बंद होतात. कुणी काही बोललेलं नसतं, काही दिसलेलं नसतं, फक्त ते बंद झालेत, आणि तुमच्या मानेवरचे केस उभे. हे गाडीत मला कसं ऐकू येणार होतं? मी पॉज करून खोलीत बघितलं. एवढ्यात बाहेरच्या खोलीत विकेट पडली का चौकार गेला माहीत नाही, पण तिघं मिळून असे ओरडले की माझा मोबाइल हातातनं उडाला.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. ती पोरं गावाकडची बोली बोलतात, टोकियोची प्रमाण भाषा नाही. मला जपानी येत नाही, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून कानाला एवढं कळतं की शेवट वेगळे होतायत, हेल वेगळा आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये ह्याचा मागमूस नाही, सगळे एकसारखे बोलतात, सगळे बँकेत कामाला असल्यासारखे. आणि मला राहून राहून वाटतं की हे मराठीत किती सरळ झालं असतं. आपल्याकडं तू, तुम्ही, आपण तिन्ही आहे, राव आहे, साहेब आहे, बाई आहे. "द अपॉथेकरी डायरीज"मधली दासी माओमाओ वरच्या अधिकाऱ्याला, त्या जिन्शीला, मनातनं किडा समजते आणि तोंडानं "सामा" लावते, ते इंग्रजीत अर्धं मरतं, पण मराठीत "जिन्शीसाहेब" म्हटलं आणि डोळे जमिनीला लावले की झालं काम, आमच्या ऑफिसात रोज चालतं. एखादी बहीण दादाला "ओनीचान" म्हणते आणि खाली सबटायटलला त्याचं नाव लिहिलेलं, आता दादाला नावानं कोण हाक मारतं? हिंदी, तमिळ, तेलुगू डब आले, मराठी मला तरी कुठं दिसला नाही. हिकारूच्या पोरांना शिराळ्याची भाषा द्यायची, "तू हिकारू न्हाईस नव्हं?" बघा, अंगावर काटा येतो का नाही.

साडेअकरा-बाराच्या दरम्यान गल्लीत फटाके सुरू झाले, त्यावरनं कळलं की आपण जिंकलो. मी तेव्हा सहाव्या एपिसोडला होतो. बाहेर माळ वाजतेय, कुठनं तरी दांडियाचा स्पीकर अजून चालूय, पप्पा दार ठोकून सांगतायत की पाच विकेटनी हाणलं, आणि मी आत एका पोराकडं बघत बसलोय ज्याला माहीत आहे की शेजारी बसलेला आपला मित्र नाही आणि तरी त्याच्याबरोबर शाळेला चाललाय. बारावा संपला तेव्हा पहाटेचे चार वाजायला आले होते. सोमवारी ऑफिसात मी कसा होतो हे साहेबांना विचारा.

मत? भीतीदायक आहे का, तर ओरडायला लावणारं नाही. मधले दोन-तीन एपिसोड जरा रेंगाळतात, हे मी आता एकपट वेगानं बघून सांगतोय, त्यामुळं ऐकून घ्या. शेवट पण सगळं मिटवत नाही, पुढं येणार हे दिसतंच. पण ह्या हंगामात मला दुसऱ्या दिवशी सुद्धा पुरलेलं हे एकच. सायगेम्सपिक्चर्स नावाच्या स्टुडिओचं आहे, आणि ह्याच लोकांनी एप्रिलच्या हंगामात "अपोकॅलिप्स हॉटेल" काढलं होतं, जे आमच्या चौघांशिवाय कुणी बघितलेलं मला तरी माहीत नाही. पृथ्वीवरनं माणसं निघून गेलीत, टोकियोत गिन्झाला एक हॉटेल आहे, तिथले रोबो रोज चादरी बदलून पाहुण्यांची वाट बघतायत. शंभर वर्षं. एक पाहुणा नाही. आमच्या ऑफिसच्या बरोबर उलटं, आमच्याकडं शंभर पाहुणे एका दिवसात. ते मी एप्रिलपासून आठवड्याला एक असं, वेळेवर, एकपट बघितलं होतं कारण तेव्हा काम कमी असतं, आणि कदाचित म्हणूनच ते मला वर्षातलं सगळ्यात भारी वाटलं. म्हणजे आता हे पण मत धरायचं का सोडायचं मला कळंना झालंय. बिचाऱ्या जुलैच्या मालिकांना मी इतकी वर्षं जे पाच-पाच, सहा-सहा मार्क दिले ते त्यांचे होते का माझ्या रिटर्नचे?

हे डोक्यात आलं तसं मी जुनी वही काढली. (वही म्हणजे एक्सेल. तिमाहीप्रमाणे शीट आहेत, हसू नका.) फ्रिएरेनला मी दहापैकी दहा दिलेत. ते २९ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालं, तिकडं पहिले चार एपिसोड सिनेमाच्या वेळेत एकदम दोन तास दाखवले, आणि मग आठवड्याला एक करत २२ मार्च २०२४ ला अठ्ठावीसावा. ऐन मार्च एंडला. त्यात राक्षसराजाला मारायचा दहा वर्षांचा प्रवास गोष्ट सुरू व्हायच्या आधीच संपलेला असतो, आणि हजार वर्षं जगणारी ती एल्फ पन्नास वर्षं जरा जाऊन येते म्हणून जाते, येऊन बघते तर तिचा सोबती म्हातारा झालाय. ते मी दीडपट बघितलं असतं तर? सहा महिने दर शुक्रवारी थांबून बघितलं म्हणूनच त्यातला वेळ मला कळला. बहीण त्या हिवाळ्यात नोकरीला लागली, आमची आजी जानेवारीत गेली, ते सगळं त्या एपिसोडांच्या मधल्या आठवड्यांत घडलंय. दुसरा भाग जानेवारी २०२६ ला आहे आणि मी त्याच्यासाठी शुक्रवार रिकामे ठेवणार, साहेबांना सांगून ठेवलंय की मंदिरात जातो.

बाकी जुलैचं पटकन. "ताकोपीज ओरिजिनल सिन" फक्त सहा एपिसोडचं, गुलाबी ऑक्टोपससारखा गोड प्राणी बघून लहान पोरांना लावून देऊ नका, आत छळ आहे, घरातली मारहाण आहे, आत्महत्या आहे, आमच्या ओळखीत एकीनं लावून दिलं आणि मग रात्रभर पोरीला कुशीत घेऊन बसली. चांगलं आहे, पण मोठ्यांसाठी. दानदादानचा दुसरा भाग मस्त, फक्त मला सहा महिन्यांचा राग आहे. "द फ्रेग्रंट फ्लॉवर ब्लूम्स विथ डिग्निटी" बहिणीचं आवडतं, दोन शेजारशेजारच्या शाळांतली पोरं-पोरी, इतकं सज्जन आहे की आमच्या पप्पांना पण चालेल. मी अर्ध्यावर आहे. एकपट.

आता ऑक्टोबर २०२५ ला वनपंच मॅनचा तिसरा भाग येतोय, दुसरा २०१९ ला आला होता, त्यामुळं झेरॉक्सवाल्यानं आधीच जाहीर केलंय की हा हंगामातला सगळ्यात भारी आहे, एक एपिसोड न बघता. स्पाय फॅमिली आहे, माय हिरो अकॅडेमियाचा शेवटचा भाग आहे. आणि माझं म्हणाल तर २० ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आणि जीएसटीच्या ३बी रिटर्नची तारीख एकाच दिवशी आलीय, त्यामुळं पहाटे उटणं आणि दुपारी पोर्टल, आणि ३१ ला ऑडिट बसलंच आहे.

म्हणून आम्ही ग्रुपवर एक नवीन नियम केलाय, कल्पना माझी. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरात, प्रत्येक व्हाउचरखाली नॅरेशन लिहितो ना, कशापोटी, कुणाला, तसं आता प्रत्येक मताखाली नॅरेशन लिहायचं. किती वेगानं बघितलं, कुठं बसून, झोप किती आलेली. नॅरेशन नसेल तर मत बाद. बहिणीनं लगेच सुरू केलं, "फ्रेग्रंट फ्लॉवर, १३, एकपट, नाइटनंतर सकाळी, दोनदा डोळा लागला, तरी रडले." पोरानं लिहिलं, "मांगा वाचलाय, लागू नाही." आणि काल रात्री झेरॉक्सवाल्याची पहिली एंट्री आली:

"सोलो लेव्हलिंग, तिसऱ्यांदा, एकपट, दुकानात, मशिन चालू, मधी बावीस गिऱ्हाइकं. मत तेच."